नव्या अॅक्सोलॉटलसाठी पाणी कसं तयार करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एक अॅक्सोलॉटल राहते, म्हणजे आयुष्यभर पाण्यातच राहणारा, मेक्सिकोचा एक उभयचर प्राणी. तिच्या कल्ल्यांचे तुरे फुलाच्या पाकळ्यांसारखे दिसतात म्हणून मुलीने तिचं नाव पाकळी ठेवलं. ओळखीपाळखीतून लोक विचारायला येतात, आणि जवळजवळ प्रत्येक प्रश्न शेवटी पाण्यावरच येऊन थांबतो. वारंवार येणारे प्रश्न आणि त्यांची मी देतो ती उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

टाकी आज घेतली तर अॅक्सोलॉटल कधी आणू?

सहा ते आठ आठवड्यांनी. हे ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो, पण यात सूट नाही. टाकीत पाणी भरलं, फिल्टर लावला, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं, म्हणून ते राहण्याजोगं झालं असं होत नाही. अॅक्सोलॉटलची कातडी पातळ आणि उघडी असते, कल्ले शरीराच्या बाहेर असतात. पाण्यात जे असेल ते थेट त्याच्या रक्ताला भिडतं. खवल्यांचं चिलखत असलेला मासा जे चार दिवस सोसतो, ते याला सोसत नाही.

मला एका दुकानदाराने सांगितलं होतं, "दोन दिवसांत पाणी सेट होतं." मी विश्वास ठेवला. बाराव्या दिवशी पाकळीचे तुरे झडून नुसते दांडे उरले होते. ती वाचली, तुरे परत आले, पण ते दिवस मी विसरलेलो नाही. म्हणून हे उत्तर सगळ्यात आधी.

नळाचं पाणी चालतं का?

चालतं, आणि बहुतेकांसाठी तेच सगळ्यात चांगलं. फक्त त्यातला क्लोरीन काढावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक असायला हवा. जंतू मारण्यासाठीच तो असतो. तोच क्लोरीन अॅक्सोलॉटलचे कल्ले भाजतो आणि फिल्टरमध्ये तुम्ही वाढवत असलेले उपयोगी जिवाणूही मारतो.

क्लोरीन आहे की नाही हे पाहण्याची सोपी पद्धत गावोगावी माहीत आहे. ग्रामपंचायतीचे कर्मचारी विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिनची टेस्ट करतात, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. तीच चाचणी घरी करता येते. चाचणीचं रसायन विषारी आहे, म्हणून छोट्या नळीत वेगळं पाणी घेऊन करा, हाताला लागू देऊ नका आणि ते पाणी टाकीत परत ओतू नका.

काढायचा उपाय म्हणजे सोडियम थायोसल्फेट. जुने फोटोग्राफर याला 'हायपो' म्हणायचे, मत्स्यालयाच्या दुकानात हेच 'अँटीक्लोरीन' म्हणून थेंबांच्या बाटलीत मिळतं. खडे मिळाले तर १० ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली द्रावण करून ठेवा. दहा लिटर पाण्याला त्याचं १ मिली पुरतं. लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरीन मारायला साधारण सात मिलिग्रॅम हायपो लागतो, आणि या मापात त्याहून थोडा जास्त पडतो. टँकरचं पाणी असेल तर मात्र अंदाजावर जाऊ नका. काही वेळा त्याला ब्लीचिंगचा उग्र वास येतो. आधी ओटी टेस्ट करा, रंग गडद आला तर हायपो दुप्पट टाका आणि पुन्हा तपासा.

तयार 'वॉटर कंडिशनर' घेणार असाल तर बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. कोरफड घातलेले कंडिशनर माशांच्या त्वचेसाठी विकले जातात. उभयचरांच्या कातडीवर त्याचा थर नको, आयोडीन असलेलंही नको.

बादलीत रात्रभर ठेवलं तर क्लोरीन उडून जातो ना?

साधा क्लोरीन उडतो. पसरट भांडं, हवेचा दगड (पंपाची हवा बुडबुड्यांत सोडणारा) चालू आणि चोवीस तास, एवढं केलं तर बहुतेक जातो. उंच, अरुंद पिंपात झाकण लावून ठेवलेला नाही जात. आणि काही ठिकाणी पाण्यात क्लोरीन अमोनियाशी जोडून तयार झालेला क्लोरामाइन असतो. तो दिवस दिवस तसाच राहतो. हायपो क्लोरामाइन तोडतो, पण तोडताना त्यातला अमोनिया मोकळा सुटतो. तो पचवायला फिल्टर तयार हवा. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे जास्त लक्षात ठेवावं. अमेरिकेतल्या अनेक शहरांच्या नळाला क्लोरामाइन असतो, तिथे अमोनियाही बांधून ठेवणारा कंडिशनर घ्यावा.

आमच्याकडे आरओ आहे. सगळ्यात शुद्ध पाणी तेच ना?

शुद्ध आहे, पण रिकामं आहे. अॅक्सोलॉटलला क्षार लागतात. त्याचं मूळ घर म्हणजे मेक्सिको सिटीच्या दक्षिणेचं सोचिमिल्को, जुन्या सरोवराचे उरलेले कालवे. तिथलं पाणी क्षारयुक्त आहे. प्रयोगशाळांमध्येही याला साध्या पाण्यात न ठेवता मीठ, कॅल्शियम, पोटॅशियम आणि सोडा घातलेल्या द्रावणात ठेवतात. नुसत्या आरओत त्याच्या शरीरातले क्षार बाहेर झिरपत राहतात, आणि पीएच, म्हणजे पाणी किती आंबट हे सांगणारा आकडा, धरून ठेवणारं काही नसल्यामुळे तो एका रात्रीत घसरतो. पाणी फार कठीण असेल तर आरओ मिसळून ते मऊ करा. आरओचा उपयोग तेवढाच.

पाणी कठीण की मऊ हे कसं ओळखू? आमच्या भागात काय असेल?

मोजल्याशिवाय खरं कळत नाही, पण भूगोल बराच अंदाज देतो.

मुंबई, पुणे, नाशिक यांना सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी येतं. ते पावसाचं, खडकावरून धावत आलेलं, म्हणून साधारण मऊ असतं. साबणाला लगेच फेस येतो. बोअरच्या पाण्याचं उलट. काळ्या कातळाच्या भेगांत ते वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतं. आणि कोकणात, गोव्यात जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी तर इतकं मऊ आणि किंचित आंबट असतं की त्यात पीएच ६ च्या आसपास दिसला तर दचकू नये. ते पिताना गोड लागतं, पण अॅक्सोलॉटलसाठी त्यात भर घालावी लागते.

हवं आहे ते असं: एकूण कठीणपणा ७ ते १४ जर्मन अंश, म्हणजे लिटरमागे सुमारे १२५ ते २५० मिलिग्रॅम. पाण्याचा अहवाल मिलिग्रॅममध्ये असेल तर १७.९ ने भागा. कार्बोनेटचा कठीणपणा, ज्याला किटवर केएच म्हणतात, तो ३ ते ८. पीएच ७.४ ते ७.६ उत्तम, ६.५ ते ८ चालतो. हा आकडा पकडायचा म्हणून रोज औषधं ओतणं हा त्याहून मोठा धोका आहे. एका जागी स्थिर असलेला ७.९ हा रोज हलणाऱ्या ७.५ पेक्षा कधीही बरा.

केएच कमी असेल तर खायचा सोडा. १०० लिटरला ३ ग्रॅम सोड्याने केएच साधारण एकाने वाढतो. धुण्याचा सोडा नव्हे, तो फार तीव्र असतो. कॅल्शियमसाठी कोरलचा चुरा किंवा शिंपल्यांचे तुकडे जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरजवळ ठेवा, ते हळूहळू विरघळतात. चुरा तळाला पसरू नका. अॅक्सोलॉटल तोंड उघडून समोर येईल ते ओढून घेतो, आणि गिळलेला खडा आतड्यात अडकतो. तळाला काहीच नाही किंवा अगदी बारीक वाळू, याशिवाय तिसरं काही घालू नका.

शेतातल्या बोअरचं पाणी असेल तर नायट्रेट नक्की तपासा. खतं मुरलेली असतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेटला परवानगी आहे, टाकीत मला तो २० च्या आत हवा असतो. म्हणजे पिण्यायोग्य ठरलेलं पाणीही टाकीसाठी सुरुवातीलाच वापरून झाल्यासारखं निघू शकतं.

'टाकी सायकल करणं' म्हणजे नेमकं काय?

विरजण लावण्यासारखं आहे. दूध आहे, भांडं आहे, पण विरजणाशिवाय दही होत नाही आणि विरजण लावूनही वेळ द्यावा लागतो.

अॅक्सोलॉटल कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. अमोनिया विष आहे. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विष. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य आहे आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, फिल्टरच्या स्पंजवर, काचेवर, दगडावर घर करतात. त्यांची वस्ती पुरेशी मोठी व्हायला ते आठवडे लागतात. प्राणी टाकीत नसताना त्यांना अमोनिया आपण खायला घालायचा.

कशातून? आपल्याकडे याला जुना शब्द आहे, नवसागर. पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारे वापरायचे तो. तो अमोनियम क्लोराइडच. पण कल्हईच्या नवसागरात इतर धातूंची भेसळ असू शकते, म्हणून रसायनांच्या दुकानातून प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्या. १०० लिटरला ०.६ ग्रॅम टाकला की अमोनिया लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम होतो. सोन्याचांदीच्या वजनाचा छोटा डिजिटल काटा असला तर माप अचूक होतं. चमच्याने अंदाज करू नका.

मग रोज किंवा एक दिवसाआड मोजायचं. पहिले आठ-दहा दिवस काहीच हलत नाही आणि कंटाळा येतो. नंतर एके दिवशी अमोनिया उतरतो, नायट्राइट वर चढतो आणि दोन-तीन आठवडे तिथेच अडून बसतो. याच टप्प्यावर बरेच लोक धीर सोडतात. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढाच नवसागर टाकत राहा. शेवटी असा दिवस येतो की २ मिलिग्रॅम टाकलेला अमोनिया चोवीस तासांत संपतो, नायट्राइटही शून्य, आणि नायट्रेट वाढलेला. असं लागोपाठ तीन दिवस झालं की टाकी तयार. मग अर्ध्याहून जास्त पाणी बदलून नायट्रेट खाली आणा.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी परदेशी माहितीत सापडत नाहीत, त्या इथे सांगतो.

पहिली मऊ पाण्याची. हे जिवाणू अमोनिया पचवताना पाण्यातला केएच खातात. पुण्या-मुंबईच्या पाण्यात तो आधीच थोडा. तिसऱ्या आठवड्यात सगळं अचानक थांबलं तर पीएच मोजा. तो ६ च्या आसपास आला असेल, आणि तिथे जिवाणू कामच करत नाहीत. खायचा सोडा थोडा थोडा घाला, दोन दिवसांत गाडी पुढे सरकते. माझी टाकी अशी नऊ दिवस अडली होती आणि मी नवसागराला दोष देत बसलो होतो.

दुसरी उकाड्याची. आपला उन्हाळा अॅक्सोलॉटलला मारक असला तरी या जिवाणूंना मानवतो. २५ ते ३० अंशांत ते झपाट्याने वाढतात. म्हणून सायकल होत असताना चिलर (पाणी गार करणारं यंत्र) लावू नका, हवेचा पंप मात्र भरपूर चालवा. टाकी तयार झाल्यावर पाणी १८ अंशांवर आणा आणि आणखी एक आठवडा नवसागराची परीक्षा घ्या. थंडीत जिवाणू मंदावतात. उन्हात पास झालेली टाकी गार पाण्यात नापास होऊ शकते, आणि ते प्राणी येण्याआधी कळलेलं बरं.

लवकर करायचा काही मार्ग?

एकच खरा आहे. ज्याची टाकी वर्षभर नीट चालली आहे आणि ज्याचे मासे आजारी नाहीत, त्याच्या फिल्टरचा वापरलेला स्पंज मागून आणा. ओला ठेवा, दोन-तीन तासांत आपल्या फिल्टरमध्ये बसवा. यामुळे सहा आठवड्यांचे दोन-तीन होतात. बाटलीतले जिवाणू कधी चालतात, कधी नाही. उन्हात उभ्या असलेल्या गाडीतून आलेली बाटली असेल तर मी पैसे घालणार नाही.

मोजायला काय घेऊ? पट्ट्या की थेंबांचं किट?

थेंबांचं. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच हे चार हवेतच, केएच आणि एकूण कठीणपणाची किट मिळाली तर घ्या. पट्ट्या दमट हवेत, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, लवकर बिघडतात. नायट्रेटच्या किटमधली दुसरी बाटली नीट, जोरजोरात हलवून वापरा. तिच्यातलं रसायन तळाला बसतं आणि न हलवता घेतलं की नायट्रेट नेहमी कमीच दिसतो.

अमोनिया ०.२५ दाखवतोय. एवढा चालेल?

प्राणी टाकीत असेल तर नाही. आधी नळाचं पाणी त्याच किटने तपासा, कधी कधी तोच रंग तिथेही दिसतो आणि मग ती किटची किंवा प्रकाशाची चूक असते. दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर धरून पाहा.

खरोखर अमोनिया असेल तर त्याचं विष पीएचवर ठरतं. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक निरुपद्रवी आणि एक घातक, आणि पीएच एकाने वाढला की घातक भाग जवळपास दहापट होतो. म्हणजे मऊ पाण्यातला ०.२५ आणि बोअरच्या ८ पीएचच्या पाण्यातला ०.२५ यांत मोठा फरक आहे. दोन्ही वेळी पाणी बदला. दुसऱ्या वेळी लगेच, हातातलं काम टाकून बदला.

पाणी किती गार हवं? पंख्याने भागेल का?

१६ ते १८ अंश सेल्सिअस. २० पर्यंत ठीक. २२ ला तो अस्वस्थ होतो, २४ च्या वर राहिलं तर जेवण सोडतो, बुरशी धरते आणि आजारी पडतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि त्याच वेळी त्याच्या शरीराला जास्त लागतो.

सोचिमिल्को समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच शिखरापेक्षाही सहाशे मीटर वर राहणारा हा प्राणी आपण मे महिन्यात सपाटीवर ठेवायला निघालो आहोत. हे एकदा मनात बसलं की बाकीचं आपोआप कळतं.

पंख्याचं उत्तर माठात आहे. माठ पाझरतो, पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, आतलं गार होतं. टाकीवर पंखा लावला की हेच होतं. पण नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ जेवढा गार होतो तेवढा मुंबईत होत नाही, कारण हवेतच दमटपणा भरलेला असतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात पंख्याने एक-दोन अंश उतरतात. विदर्भात कूलरसारखे जास्त उतरतात, पण तिथेही मे महिन्यात पाणी २२-२३ च्या खाली येत नाही. तिथून पुढे हवा आणखी उष्णता उचलत नाही, पंखे दोन लावा की चार. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत मी नुसत्या पंख्यावर काढतो. फेब्रुवारी संपला की चिलर.

चिलर घेताना टाकीच्या आकारापेक्षा किती अंश उतरवायचे आहेत ते पाहा. खोली ३६ अंश आणि पाणी १८ हवं म्हणजे अठरा अंशांचा फरक. खोक्यावर 'इतक्या लिटरसाठी' असं लिहिलेलं असतं ते सहसा एवढा फरक धरून नसतं. शंभर-सव्वाशे लिटरला निदान १/१० हॉर्सपॉवरचा, कंप्रेसर असलेला घ्या. कंप्रेसर नसलेले, पेल्टियरचे छोटे चिलर एवढ्या टाकीला आपल्या उन्हाळ्यात पुरत नाहीत. चिलर पाण्यातली उष्णता खोलीत फेकतो, म्हणून त्याला टाकीखालच्या बंद कपाटात कोंडू नका. टाकीच्या मागे आणि दोन बाजूंना थर्माकोल लावा. दिसायला बरं नाही, पण चिलर बंद राहण्याचा वेळ स्पष्ट वाढतो.

बर्फ टाकला तर?

अडचणीच्या वेळी, थेट नाही. पाण्याच्या बाटल्या गोठवून, झाकण घट्ट लावून, एका वेळी एक तरंगत सोडा आणि थर्मामीटर बघत राहा. तासाला एक-दोन अंशांपेक्षा जास्त उतार नको. रोजचा उपाय म्हणून हे चालत नाही. तुम्ही ऑफिसला गेलात की दुपारी पाणी चढतं, रात्री बाटली टाकली की उतरतं, आणि हा झोका प्राण्याला स्थिर २१ अंशांपेक्षाही जास्त थकवतो.

लाइट गेली तर?

बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच, तो स्वस्त मिळतो. फिल्टरला हवा आणि प्राणवायू मिळत राहिला तर जिवाणू तगतात. चिलर घरगुती इन्व्हर्टरवर लावायचा असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला विचारा, कंप्रेसर सुरू होताना क्षणभर खूप जास्त वीज ओढतो. फ्रीजरमध्ये उन्हाळाभर चार बाटल्या गोठवलेल्या ठेवा. टाकीवर ओलं सुती कापड आणि थर्माकोल असेल तर चार तासांची वीजकपात आमच्याकडे दोन अंशांत निभावते.

चिलर परवडत नाही. तरी आणू का?

नको. टाकी, फिल्टर आणि प्राणी यांच्या एकत्रित किमतीपेक्षा चिलर महाग पडतो, हे मला माहीत आहे, आणि हे उत्तर ऐकून लहान मुलांचे डोळे भरून आलेले मी पाहिलेत. तरीही नको. हा प्राणी नीट ठेवला तर दहा वर्षं आणि त्याहून जास्त जगतो. एवढे सगळे उन्हाळे त्याने कसे काढायचे? चोवीस तास एसी २० वर चालणारी खोली असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर गप्पी, मोली, आपल्याकडच्या पाण्यात सुखाने राहणारे मासे पाळा.

टाकी केवढी हवी?

एका प्राण्याला तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. त्यात वरपर्यंत सुमारे १३० लिटर मावतं. लांबी-रुंदी महत्त्वाची, उंची नाही, कारण तो तळावर चालतो. पाणी जास्त म्हणजे अमोनिया विरळ, तापमान स्थिर. फिल्टर स्पंजचा, प्रवाह मंद. तुरे सतत मागे वाऱ्यावर उडाल्यासारखे दिसत असतील तर प्रवाह जास्त आहे.

मी प्राणी आधीच आणला, टाकी तयार नाही! आता?

घाबरू नका, यातून मीही गेलोय. मोठा, अन्नासाठी वापरतात तसा प्लास्टिकचा डबा घ्या, वीस लिटरच्या आसपास. त्यात क्लोरीन काढलेलं, १८ अंशांचं पाणी भरा, लपायला मातीचं फुटकं मडकं द्या, धार घासून. रोज सगळं पाणी बदला. दुसरा तसाच डबा आदल्या रात्री भरून, गार करून तयार ठेवा म्हणजे प्राणी एका डब्यातून दुसऱ्यात सरकवता येतो. उचलताना जाळी नको, तुरे अडकतात. हाताने किंवा छोट्या डब्याने पाण्यासकट उचला. विष्ठा दिसली की लगेच लांब पिचकारीने ओढून काढा. टाकी तिकडे नवसागरावर आपल्या गतीने तयार होऊ दे. मी पाकळीला असं सेहेचाळीस दिवस ठेवलं. रोज सकाळी पंचवीस मिनिटं जायची.

तयार टाकीत पाणी किती बदलायचं?

आठवड्याला २० ते २५ टक्के. नायट्रेट २० च्या वर दिसला तर जास्त. नवं पाणी क्लोरीन काढून आणि तापमान जुळवून घाला. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी दुपारी हात भाजेल इतकं गरम असतं, म्हणून पहाटे भरून ठेवा. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा. दोन महिने जपलेलं विरजण नळाखाली दोन मिनिटांत मरतं.

पावसाळ्यात काय बदलतं?

जून-जुलैत धरणाचं पाणी गढूळ येतं, मग पाणी शुद्ध करताना तुरटी आणि क्लोरीन दोन्ही जास्त लागतात. तुरटीमुळे केएच आणि पीएच उतरतो. म्हणून पहिल्या पावसानंतर नळाचं पाणी पुन्हा सगळं मोजा आणि हायपोचं माप वाढवा. एकदम मोठा बदल करण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा थोडं थोडं बदला.

मीठ, निळं औषध, बदामाची पानं: यातलं काय घालू?

निरोगी प्राण्याच्या पाण्यात औषध कशाला? दुकानात सर्रास दिली जाणारी रंगीत औषधं माशांसाठी असतात. तांबं असलेलं आणि मॅलकाइट ग्रीन असलेलं तर कधीच नको. मीठ उपचारासाठी वेगळ्या भांड्यात, थोडा वेळ, तेही जाणकाराला विचारून. देशी बदामाची वाळून गळलेली पानं मात्र मी वापरतो, शंभर लिटरला एखादं, धुऊन. पाणी चहासारखं होतं आणि प्राणी शांत राहतो. रस्त्याकडेच्या फवारणी केलेल्या झाडाची पानं नकोत, आणि केएच कमी असेल तर आधी तो सुधारा.

पाणी बिघडलंय हे प्राण्याकडे बघून कळतं का?

कळतं, पण उशिरा. तुरे पुढे वळणं, शेपटीचं टोक आकड्यासारखं वळणं, जेवण नाकारणं, तुऱ्यांवर कापसासारखे पुंजके, सारखं वर येऊन हवा गिळणं. यातलं काही दिसलं तर आधी थर्मामीटर बघा, मग अमोनिया आणि नायट्राइट. दहांतल्या नऊ वेळा कारण तिथेच सापडतं, निदान माझ्या घरी.

पाळायला परवानगी लागते का?

अॅक्सोलॉटल साइट्स, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या, कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अशा प्राण्यांसाठी स्वतंत्र अनुसूची आली आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. टाकी तयार होत असलेले आठवडे यासाठीच वापरा. विकणाऱ्याकडे कागद मागा, नाहीत म्हणाला तर दुसरा शोधा. रानात उरलेले अगदी थोडे, तो अतिधोक्यात आहे. आपल्याकडे आलेला प्राणी कैदेतच जन्मलेला असायला हवा. आणि नको झाला म्हणून तो कधीही तळ्यात, नदीत सोडू नका.

पहिल्या दिवशी टाकीत सोडायचा कसा?

संध्याकाळी आणा. टाकीचा आणि खोलीचा दिवा बंद. पिशवी न उघडता वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग तोंड उघडून दर पाच-सात मिनिटांनी एक पेला टाकीचं पाणी आत घाला, अर्धा-पाऊण तास. नंतर प्राणी अलगद ओंजळीत घेऊन सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत. त्या रात्री खायला घालू नका. तो कोपऱ्यात, मडक्यामागे दडी मारून बसेल, बसू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी अमोनिया मोजा. शून्य आला तर संध्याकाळी बोटाएवढ्या गांडुळाचा तुकडा चिमट्याने त्याच्या तोंडासमोर धरा.